उर्दूत गणित मांडणारे मास्टर रामचंद्र

गेल्या वर्षीची गोष्ट. गणिताचे सर रजेवर होते, म्हणून दहावीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. बीएडला माझे दोन्ही विषय भाषेचेच होते. त्यामुळे वर्गावर जाऊन मराठीचा एखादा धडा घ्यायचा, असे ठरवूनच निघालो होतो. पण फळ्यावर आदल्या दिवशीचे वर्गसमीकरण अर्धवट राहिले होते. मी ते पुसायला गेलो तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘रहने दो ना सर, ये पूरा नहीं हुआ.’’

आमची शाळा उर्दू माध्यमाची. पण गणित आणि विज्ञान आता सेमी इंग्रजीतून चालते. मी गमतीने म्हणालो, ‘‘ठीक है, मैं पूरा करता हूँ, लेकिन उर्दू में.’’ त्यावर तीच मुलगी पटकन बोलून गेली, ‘‘उर्दू में तो बस शायरी होती है ना सर, मॅथ्स कैसे होगा?’’

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले. ज्या भाषेत ही मुलगी आईशी बोलते, त्या भाषेत डोक्याचे काम होऊच शकत नाही, हे तिने पंधराव्या वर्षीच ठरवून टाकले होते. तिला कुणी तसे शिकवले नव्हते. आजूबाजूला पाहून तिने तो निष्कर्ष काढला होता. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या मनातही मराठीबद्दल हेच असते, हे मी मराठीचा शिक्षक म्हणून रोज बघतो.

तिला उत्तर द्यायला मला पावणेदोनशे वर्षे मागे, दिल्लीला जावे लागले. ते उत्तर तिच्याइतकेच आपल्या सर्वांसाठी महत्त्वाचे आहे, म्हणून इथे मांडतो.

अजमेरी गेटचा मदरसा

दिल्लीच्या अजमेरी गेटजवळ गाजीउद्दीन खान यांचा मदरसा होता. गाजीउद्दीन हे पहिल्या निजामाचे, म्हणजे निजाम-उल-मुल्क आसफजाह यांचे वडील. मुलगा आपल्या खुलताबादला दफन आहे आणि वडील दिल्लीत, मदरशाशेजारी. मराठवाड्यातल्या वाचकांना हे नाते ठाऊक असावे.

१८२५ साली इंग्रजांनी या मदरशाची नव्याने रचना केली आणि त्याचे दिल्ली कॉलेज झाले. तिथे दोन विभाग होते. एक इंग्रजीचा, दुसरा अरबी, फारसी आणि संस्कृत या प्राच्य भाषांचा. प्राच्य विभागाचे वैशिष्ट्य असे की तिथे गणित, खगोलशास्त्र, भूगोल, पदार्थविज्ञान हे आधुनिक विषय उर्दूतून शिकवले जात. कलकत्त्यात आणि मुंबईत उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी, असे समीकरण घट्ट होत असताना दिल्लीत हा वेगळा प्रयोग चालू होता.

उर्दूतून शिकवायचे तर पुस्तके हवीत. त्यासाठी १८४०च्या दशकात प्राचार्य फेलिक्स बूत्रो यांच्या काळात भाषांतर सोसायटी उभी राहिली. परिभाषेसाठी नियम ठरले. उर्दूत नेमका शब्द असेल तर तो घ्यायचा, नसेल तर उगाच जडजंबाल शब्द न घडवता इंग्रजी शब्दच उर्दू लिपीत लिहायचा. म्हणून सोडियम, पोटॅशियम, क्लोरीन हे शब्द तसेच आले. मराठीत परिभाषेवरून आपण आजही जे वाद घालतो, ते तिथे तेव्हाच झाले होते.

या कॉलेजात अरबीला मौलवी ममलूक अली होते, फारसीला इमाम बख्श सहबाई होते. आणि १८४४ पासून युरोपीय विज्ञान शिकवायला होते मास्टर रामचंद्र.

कारकुनीतून परत आलेला विद्यार्थी

रामचंद्रांचा जन्म १८२१चा, पानिपतचा. घराणे दिल्लीचे कायस्थ. वडील सुंदरलाल महसूल खात्यात होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना ते वारले. आईने सहा मुलगे वाढवले. अकराव्या वर्षीच रामचंद्रांचे लग्न लावून देण्यात आले. मुलगी मूकबधिर आहे हे त्यांना नंतर कळले. शिक्षण मध्येच सोडून त्यांनी काही वर्षे कारकुनी केली. मग १८४१ मध्ये शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते पुन्हा कॉलेजात आले आणि तिथेच शिक्षक झाले.

त्यांनी बीजगणित, त्रिकोणमिती, कलनशास्त्र यांवर उर्दूत पुस्तके तयार केली. तेवढ्यावर थांबले असते तर ते एक चांगले पाठ्यपुस्तककार म्हणून राहिले असते. पण वर्गात जे शिकवतो ते वर्गाबाहेरच्या लोकांसमोर मांडले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. १८४५ साली त्यांनी ‘फवाइद-उन-नाजिरीन’ नावाचे पाक्षिक काढले. १८४७ मध्ये एक मासिक सुरू केले. त्याचे नाव आधी ‘खैरख्वाह-ए-हिंद’ होते, पुढे ते ‘मुहिब्ब-ए-हिंद’ झाले.

यांत काय असे? ग्रहताऱ्यांची माहिती, यंत्रे, इतिहास, शास्त्रज्ञांची आणि विद्वानांची चरित्रे, अंधश्रद्धांवर टीका. भाषा साधी. त्या काळचे उर्दू गद्य यमके जुळवत, अलंकार लेवून चालायचे. रामचंद्र मुद्द्याला मुद्दा जोडत लिहीत. उर्दू निबंधाची सुरुवात सांगताना आपण सर सय्यद अहमद खान यांचे नाव घेतो. ते योग्यच आहे, पण त्यांच्या ‘तहजीब-उल-अखलाक’च्या पंचवीस वर्षे आधी रामचंद्र तसे गद्य लिहीत होते.

पृथ्वी फिरते की नाही?

आज आपल्याला हा प्रश्न पोरकट वाटेल. पण तेव्हाच्या दिल्लीत तो जिवंत वाद होता. अरबीतून जी जुनी हिकमत शिकवली जायची, तिच्यात ग्रीक परंपरेतून आलेले विश्वचित्र होते. पृथ्वी मध्यभागी स्थिर आणि बाकी सारे तिच्याभोवती. हा इस्लामचा अकीदा नव्हता, ती बतलीमूसची म्हणजे टॉलेमीची खगोलविद्या होती. पण शतकानुशतके मदरशांत शिकवली गेल्याने दोन्हींतली सीमारेषा पुसली गेली होती. हिंदू पंडितांकडेही स्थिर पृथ्वीचे शास्त्र होतेच.

रामचंद्रांच्या वर्गात यावर खुली चर्चा होई. पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात ते सांगतात की कॉलेजातले वरच्या वर्गाचे विद्यार्थी जुन्या मताला हसू लागले होते, पण शहरातल्या विद्वानांना हे रुचत नव्हते. नियतकालिकांमुळे हा वाद कॉलेजच्या भिंती ओलांडून शहरात गेला. हिंदू आणि मुसलमान दोन्हीकडच्या लोकांनी या मंडळींना नास्तिक ठरवले.

त्याच दिल्लीत त्या वेळी एक तरुण मुन्सफ राहत होता. १८४८ साली त्याने पृथ्वी फिरत नाही हे सिद्ध करणारी पुस्तिका लिहिली, ‘कौल-ए-मतीन’. त्या मुन्सफाचे नाव सय्यद अहमद खान. होय, तेच. ज्यांनी पुढे १८६४ मध्ये गाजीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, इंग्रजी ग्रंथांचे उर्दू तर्जुमे करून घेतले आणि अलीगढचे कॉलेज उभारले. त्यांनी आपले मत नंतर बदलले.

सर सय्यद यांचे मत रामचंद्रांनी बदलले, असा दावा मी करणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सर सय्यद यांनी पृथ्वीच्या गतीविरुद्ध उर्दूत पुस्तिका लिहिली, कारण हा प्रश्न उर्दूत उपस्थित झाला होता. तो फक्त इंग्रजी ग्रंथांत राहिला असता तर दिल्लीच्या माणसाला तो खोडून काढायची गरजच पडली नसती. खोडून काढायला बसलेला माणूसच पुढे पटवून घेऊ शकतो. ज्याच्यापर्यंत प्रश्नच पोचला नाही, त्याचे मत बदलणार तरी कसे?

दहाचे दोन भाग

आता त्या गणिताकडे येतो, ज्यामुळे रामचंद्रांचे नाव लंडनला पोचले.

एक साधा प्रश्न घ्या. दहा या संख्येचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा येईल. १ आणि ९ घेतले तर ९. २ आणि ८ घेतले तर १६. ४ आणि ६ घेतले तर २४. ५ आणि ५ घेतले तर २५. यापेक्षा मोठा येत नाही हे दिसते, पण सिद्ध कसे करायचे? कॉलेजातला मुलगा कलनशास्त्र वापरेल. रामचंद्र म्हणतात, त्याची गरज नाही, वर्गसमीकरण पुरे. एक भाग ‘क्ष’ माना, दुसरा ‘दहा वजा क्ष’. गुणाकाराला ‘म’ म्हणा. समीकरण सोडवले की वर्गमूळाच्या चिन्हाखाली ‘पंचवीस वजा म’ येते. ‘म’ पंचविसापेक्षा मोठा धरला तर चिन्हाखाली ऋण संख्या येईल आणि उत्तर वास्तव राहणार नाही. म्हणजे गुणाकार जास्तीत जास्त पंचवीस. झाले.

असे अनेक प्रश्न, सोपे आणि पुष्कळ अवघडही, केवळ बीजगणिताने सोडवून त्यांनी १८५० मध्ये कलकत्त्यात इंग्रजी पुस्तक छापले. स्वतःच्या खर्चाने. भास्कराचार्यांच्या बीजगणिताची परंपरा असलेल्या देशात विद्यार्थ्याला ओळखीच्या वाटेने नव्या प्रश्नांपर्यंत नेता येईल, ही त्यामागची कल्पना. कलकत्त्यात टीका झाली. कलनशास्त्र असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, असा सूर होता. रामचंद्रांनी वृत्तपत्रातून उत्तर दिले, पण खिशाला आणि मनाला दोन्हीकडे चटका बसला.

पुस्तकाची एक प्रत ड्रिंकवॉटर बेथून यांनी लंडनला गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे पाठवली. अकरावीच्या मुलांना संचांमध्ये डी मॉर्गनचे नियम असतात, तेच हे. त्यांचा जन्म मदुराईचा. त्यांना पुस्तकात भारतीय बुद्धीची स्वतंत्र चाल दिसली. त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी कर्नल साइक्स यांच्याशी पत्रव्यवहार केला. हे साइक्स म्हणजे पूर्वी आपल्या दख्खनमध्ये पाहणीचे काम केलेले, इथले पक्षी, हवामान, शेती यांच्या नोंदी ठेवणारे अधिकारी. अखेर १८५९ मध्ये डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक लंडनला पुन्हा छापले गेले. कंपनीने रामचंद्रांना खिलत आणि दोन हजार रुपये दिले.

पण शिक्षणात ती पद्धत रुजली नाही. लंडनला कौतुक झाले, एवढेच. मला त्या कौतुकापेक्षा दिल्लीतले काम मोठे वाटते. ते का, हे पुढे सांगतो.

किंमत

१८५२ साली रामचंद्र ख्रिस्ती झाले. त्यांच्याबरोबर डॉ. चिमनलाल यांनीही बाप्तिस्मा घेतला. दिल्लीत खळबळ उडाली. कॉलेज म्हणजे धर्म बाटवण्याचा कारखाना, असा लोकांचा समज झाला. अनेक घरांचा विश्वास उडाला. १८५७ उजाडण्याआधीच दोन्ही नियतकालिके बंद पडली होती.

११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. चिमनलाल मारले गेले. प्राचार्य टेलर मारले गेले. कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले. रामचंद्र लपत-छपत निसटले. चार महिन्यांनी इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि सूडाचा वरवंटा फिरवला. इमाम बख्श सहबाईंना इंग्रजांनी कुटुंबातल्या माणसांसह गोळ्या घातल्या. ‘दिल्ली उर्दू अखबार’चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना मारले. आणि इंग्रजांच्या बाजूला असलेल्या रामचंद्रांनाही गोऱ्या अधिकाऱ्यांकडून मार खावा लागला, कारण ख्रिस्ती झाले तरी ते ‘नेटिव्ह’च होते.

पुढे ते दिल्लीच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, मग पतियाळा संस्थानात शिक्षणप्रमुख. १८८० साली त्यांचे निधन झाले. दिल्ली कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडले, पण १८७७ मध्ये कायमचे बंद झाले.

इथे एक गोष्ट लपवणे बरोबर नाही. उत्तरायुष्यात रामचंद्रांनी इस्लामविरोधी वादग्रंथही लिहिले. मुस्लिम वाचक म्हणून मला ते वाचताना त्रास होतो. म्हणून त्यांना यादीतून काढून टाकायचे का? त्यांच्या मुस्लिम विद्यार्थ्यांनी तसे केले नाही. मौलवी जकाउल्लाह हे त्यांचे लाडके शिष्य. ते आयुष्यभर निष्ठावान मुसलमान राहिले आणि गुरूकडून घेतलेले गणित उर्दूत ग्रंथामागून ग्रंथ लिहून पुढे नेत राहिले. डेप्युटी नजीर अहमद, ज्यांच्या १८६९च्या ‘मिरात-उल-उरूस’पासून उर्दू कादंबरीची सुरुवात मानतात, तेही याच कॉलेजचे. ‘आब-ए-हयात’ लिहिणारे मुहम्मद हुसैन आजाद, मौलवी बाकर यांचे पुत्र, तेही इथलेच. गुरूचा धर्म वेगळा, मते वेगळी, काही मते तर टोचणारी. तरी त्याच्याकडचे ज्ञान घ्यायचे आणि मतभेद मतभेदाच्या जागी ठेवायचे, ही रीत या पिढीला जमली होती.

म्हणूनच लंडनच्या पुस्तकापेक्षा दिल्लीचे काम मला मोठे वाटते. इंग्रजी पुस्तक मोजक्या जाणकारांनी तपासले आणि कपाटात ठेवले. उर्दूत मांडलेल्या विचारांनी भांडणे लावली, शिव्या खाल्ल्या आणि एक पिढी घडवली.

मुंबईत बाळशास्त्री, औरंगाबादेत अब्दुल हक

मराठी वाचकाला हे वाचताना बाळशास्त्री जांभेकर आठवले असतील. तेही गणिताचे प्राध्यापक, एल्फिन्स्टनचे. १८३२ला ‘दर्पण’, १८४०ला ‘दिग्दर्शन’. दिग्दर्शनमधून त्यांनी मराठी माणसाला भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास समजावून दिला. तेच बाळशास्त्री जुने ताम्रपट वाचून त्यांवर शोधनिबंधही लिहीत. विद्वानांसाठी एक लेखन आणि लोकांसाठी दुसरे, दोन्ही एकाच माणसाने केले. १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. रामचंद्रांचा पहिला अंक त्याच्या आदल्या वर्षीचा. हे दोन गणित मास्तर एकमेकांना ओळखत होते असे कुठे दिसत नाही, पण दोघांना एकच गोष्ट उमगली होती.

आणि दिल्ली कॉलेजची ही कहाणी आपल्याला कुणी सांगितली? ‘मरहूम देहली कॉलेज’ हे पुस्तक लिहिणारे मौलवी अब्दुल हक यांनी. त्यांच्या कामाचे केंद्र अनेक वर्षे दिल्ली नव्हते, औरंगाबाद होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय त्यांनी औरंगाबादेत आणले. ‘उर्दू’ हे त्रैमासिक तिथूनच काढले. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला, यावर त्यांनी उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले. अर्ज, हुकूम, वकील, कागद, दप्तर हे शब्द आपण मराठी म्हणून रोज वापरतो. त्यांचा शोध एका उर्दू विद्वानाने मराठवाड्यात राहून घेतला. पण तो उर्दूत राहिला. मराठी वाचकाला त्याची खबर नाही, आणि आता उर्दू शाळांतल्या मुलांनाही नाही.

रिकामी जागा

माझी खंत इथेच आहे. दख्खनच्या इतिहासावर, इथल्या सुफींवर, आदिलशाही-निजामशाहीच्या कारभारावर, मराठी लिहिणाऱ्या मुस्लिम संतकवींवर विद्यापीठांत काम होते. उत्तम होते. पण त्यातले बरेचसे इंग्रजी निबंधांत आणि प्रबंधांत राहते. ज्यांच्याबद्दल ते लिहिलेले असते, त्यांना ते वाचायला मिळत नाही. अभ्यासकांनी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तिथे मोबाईलवर फिरणारे संदेश येऊन बसतात. ‘यांनी देशाला काय दिलं?’ असे विचारणारेही येतात आणि ‘जगातलं सगळं आपणच शोधलं’ असे सांगणारेही येतात. माझ्या वर्गातली मुले दोन्ही वाचतात. तपासायचे कसे, हे त्यांना कुणी दाखवलेले नाही.

मी संशोधक नाही. पण जे संशोधक आहेत त्यांना एका शिक्षकाची विनंती आहे. तुमचा निबंध जाणकारांनी तपासला की काम अर्धे झाले. उरलेले अर्धे काम मराठीत किंवा उर्दूत, साध्या भाषेत तो मांडण्याचे आहे. लोक चुकीचे प्रश्न विचारतील. रागावतील. एखादा उलट पुस्तिका लिहील. लिहू द्या. १८४८ साली अशी पुस्तिका लिहिणारा माणूस पुढे कोण झाला, हे आपण पाहिले.

आणि आपण वाचकांनीही एक शिकायला हवे. मांडणाऱ्याचा धर्म आणि आडनाव आधी पाहायचे की त्याचा मुद्दा? जकाउल्लाह यांनी ते ठरवले होते.

पुढच्या आठवड्यात मी गणिताच्या सरांकडून दहा मिनिटे मागून घेतली. दहाचे दोन भाग करण्याचा तो प्रश्न फळ्यावर उर्दूत लिहिला. गुणाकाराला ‘हासिल-ए-जर्ब’ लिहिले, वर्गमूळाला ‘जज्र’. रामचंद्रांची गोष्ट सांगितली. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, ‘‘सर, फिर ये हमारी किताब में क्यों नहीं है?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. पण निदान या वेळी तिचा प्रश्न बदलला होता.